सहाव्या वर्षाची दाढ

वहिनी (नांदेड): बाळाच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखे पांढरे पट्टे दिसायलेत. दुखत नाही त्याला. मोबाईलवर वाचलं की दाताची कीड आपोआप भरते. खरंय का? का दाखवून येऊ?

काका (परळी): दीड वर्षाचं लेकरू. दुधाचे दात आहेत, पडणारच की. कशाला दवाखाना?

आत्या (जिंतूर): आमच्याकडं रिंगणीच्या बियांची धुरी द्यायचे. किडे पडलेले मी डोळ्यानं पाहिलेत.

मी: आत्या, तू काहीतरी पडलेलं पाहिलं असशील, पण दातात किडा नसतोच गं. कीड म्हणतो ते काम जंतूंचं, ते साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. आपण गोड खाल्लं की ते त्याचं आम्ल करतात. तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. नंतर लाळ ते आम्ल मारते आणि क्षार परत कवचात बसतात. हे रोज चालूच असतं. वहिनी, पांढरा पट्टा म्हणजे तिथं गेलं जास्त आणि आलं कमी. वरचा थर अजून फुटलेला नसेल तर ते भरून येऊ शकतं. खड्डा पडला की मात्र नाही. हाड मोडलं तर जुळतं, पण दाताच्या कवचात जिवंत पेशीच नसतात. जुळवणार कोण?

भाऊजी (संभाजीनगर): पट्टाच असेल तर मग दाखवायचं कशाला?

मी: पट्टा आहे का बारीक खड्डा, ते आपल्याला कळत नाही भाऊजी. डॉक्टर दात कोरडा करून उजेडात बघतात. पट्टाच असेल तर फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे कवच घट्ट करणारा लेप, लावतात, टोचणं नाही की कोरणं नाही. वहिनी, रात्री दूध कसं देता?

वहिनी: बाटलीनं. थोडी साखर घालून. पितापिताच झोपतो.

मी: इथंच आहे सगळं. झोपेत लाळ कमी होते आणि गोड दूध रात्रभर वरच्या दातांना लागून राहतं. आधी ते बंद करा. फ्लोराइडची पेस्ट, ट्यूबवर १००० पीपीएम लिहिलेलं बघून घ्या, तांदळाच्या दाण्याएवढीच, सकाळी आणि झोपताना.

काका: फ्लोराइड? किनवटकडच्या गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनंच लोकांचे दात पिवळे पडलेत. तेच लेकराच्या तोंडात घालायचं?

मी: काका, तुम्ही म्हणता ते खरंय. पण ते रोज पोटात जाणारं पाणी. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिलं की, हिरडीत दात तयार होत असतानाच कवचात डाग बसतात. पुढं हाडंही धरतात. पेस्ट पोटात जाऊ नये म्हणूनच दाण्याएवढी म्हणलं. वहिनी, तुमच्याकडं विष्णुपुरी धरणाचं नळाचं पाणी आहे का बोअरचं? बोअरचं पीत असाल तर एकदा तपासून घ्या.

वहिनी: नळाचंच.

मी: आता दुधाच्या दातांचं. काका, रागावू नका, पण 'पडणारच आहेत' हे मीही म्हणले होते. पोरीच्या खालच्या दाढेवर काळी रेघ होती. वय सात. मला वाटलं दुधाचीच आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागं एक कायमची दाढ येते, आणि तिच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळं घरात कुणाला पत्ताच लागत नाही. मी वर्षभर लवंगेचं तेल लावत बसले. तेलानं दुखणं तेवढं दबतं, कीड आत चालूच राहते. एका रात्री गाल सुजला. चार वेळा खुर्चीत बसवावं लागलं तिला, दर वेळी माझा हात घट्ट धरून. आयुष्यभराची दाढ, आणि मी ती दुधाची समजून सोडून दिली. अजून वाईट वाटतं.

भाऊजी: आमचा मोठा सहाचाच झालाय. आत्ता बघितलं, मागं दाढेचं टोक दिसायलंय.

मी: पूर्ण वर आली की दाढेवरच्या खाचा बुजवून घ्या, सीलंट म्हणतात. तुमच्याकडं शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं विचारा. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट दिवसातून चारदा नको. त्याचा लगदा खाचांत बसून राहतो. गोड द्यायचं तर जेवणासोबत, एकदाच. रात्री ब्रश झाल्यावर नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं.

आत्या: अन् माझी मिसरी?

मी: आत्या, ती तंबाखूच आहे, सोड. कडुलिंबाची काडी चाव हवं तर, पण रात्री पेस्टनंच घास.

वहिनी: उद्या सकाळी दहाची वेळ मिळाली. पण ताई, बाटली काढली की तो रात्रभर रडतो. मागं एकदा करून बघितलंय.

मी: झोपायच्या आधी पेल्यानं दूध द्या, बिनसाखरेचं. मग दात पुसून घ्या. रात्री मागितलंच तर नुसतं पाणी.

आत्या: रडंल चार दिवस. मी शनिवारच्या गाडीनं येते नांदेडला. रात्री माझ्याजवळ झोपव त्याला.