फुल डिस्टन्स ट्रायथलॉन आणि हलायला तयार नसलेलं वजन

सायकलवेडा:
मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. हाफ झाली मागच्या सीझनला, आता फुलचं डोक्यात घेतलंय, म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर फुल मॅरेथॉन. सात महिने आहेत हातात. उंची १७४ सेंमी, वजन ८६, ७८ वर आणायचंय कारण पळताना गुडघे बोंबलतात आणि चढावर सगळे मला टाकून पुढे जातात. आठवड्याला १०-११ तास ट्रेनिंग चालू आहे, सकाळची राइड रिकाम्या पोटीच मारतो, फॅट बर्न व्हावं म्हणून, लाँग राइडलासुद्धा फक्त पाणी, दुपारपर्यंत सगळं कंट्रोलमध्ये असतं आणि रात्री मात्र दिसेल ते खातो. काटा ढिम्म. कार्ब्स सरळ बंदच करू का?

तिसरा लॅप:
अजिबात नको. अरे तुझं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे, "रात्री दिसेल ते खातो". रिकाम्या पोटी फॅट जास्त जळतं हे खरं, पण ते त्या राइडपुरतं, वजन शेवटी दिवसभरात किती खाल्लं आणि किती खर्च झालं त्यावरच ठरतं. चार तासांची राइड नुसत्या पाण्यावर काढली की शेवटच्या तासात पॉवर कोसळते, म्हणजे वर्कआउट गेलं पाण्यात, आणि संध्याकाळी शरीर सगळं व्याजासकट वसूल करतं.

उलटं करून बघ. लाँग राइडला तासाला ६० ग्रॅम कार्ब्स घे, एनर्जी जेल, केळं, ड्रिंक, जे पचेल ते. कपात करायची ती हलक्या दिवशी आणि वर्कआउटपासून लांबच्या जेवणात, रोजची ३००-४०० कॅलरी, बास. आठवड्याला साधारण ३०० ग्रॅम उतरेल. प्रोटीन मात्र किलोमागे १.६ ते २ ग्रॅम ठेव, नाहीतर चरबीबरोबर मसलही जातील. आणि हे सगळं पहिल्या चार महिन्यांत. ७८ नाही होणार, ८०-८१ होईल, चालतंय. नंतर वजनाचं नाव काढायचं नाही, तेव्हा पोटाला रेसची सवय लावायची, तासाला ८०-९० ग्रॅमपर्यंत. नुसतं ग्लुकोज ६० च्या पुढे फारसं शोषलं जात नाही, फ्रुक्टोजचा रस्ता वेगळा असतो म्हणून दोन्ही मिसळलेलं घ्यायचं.

उलटा वारा:
वजनाचा एवढा बाऊ कशाला? कोर्स सपाट असेल तर सायकलवर वजनापेक्षा हवेचा अडथळा जास्त खातो, १८० किमी एरो बारवर, म्हणजे पुढे वाकून हात टेकायच्या दांड्यांवर, आरामात बसता येतंय का ते आधी बघ. पळताना वजन भोवतं हे मान्य. पण गुडघ्याचं खापर लगेच वजनावर फोडू नकोस, मायलेज एकदम वाढवलंस का, पावलं फार लांब टाकतोस का, तेही बघ. फिजिओकडे एकदा जाऊन ये.

तरंगती:
उपाशी ट्रेनिंगबद्दल एक सांगते. माझी पाळी बंद झाली होती, कोच मात्र काटा खाली येतोय म्हणून खूश! शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की शरीराला ट्रेनिंग वगळून जगायलाच पुरेसं उरत नाहीये. याला रेड-एस म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये हे नाव पुढे आणलं, आणि पुरुषांनाही होतं बरं का, टेस्टोस्टेरॉन घसरतं, हाडांना स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. झोप उडाली, सारखं आजारपण, चिडचिड असं काही दिसलं तर डाएट थांबवून तपासण्या करून घे.

सायकलवेडा:
बापरे. चिडचिड तर आहेच, घरचे साक्षीदार आहेत. उद्यापासून खाऊन निघतो. पण मग टेपरचं, म्हणजे रेसआधी ट्रेनिंग कमी करतो त्या दिवसांचं, काय? हाफच्या आधी त्या आठवड्यात दीड किलो वाढलं होतं, पार डोकं फिरलं होतं माझं.

तिसरा लॅप:
ती चरबी नव्हे रे, ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला कार्ब्सचा साठा, भरत होतं. त्याच्या दर ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे टाकी भरली की काटा वर जाणारच, जायलाच पाहिजे. काट्याचा खरा उपयोग घाम मोजायला. रेसच्या वेळच्या उन्हात, रेसच्याच जोरात तासभर सायकल मार, आधी-नंतर कोरड्या अंगाने वजन कर. १.१ किलो उतरलं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलास तर घाम तासाला १.६ लिटर, मध्ये लघवीला जायचं नाही एवढं बघ. तेवढं सगळं प्यायलाच हवं असं नाही, पोट फुगेल. उलट राइडनंतर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय, रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते डिहायड्रेशनपेक्षा वाईट पडू शकतं.