ई-कॅटची वाफ आणि एक बादली पाणी

तापमापक :
परवा 'ऊर्जावेडा' यांनी इथे लिहिलं की इटलीच्या आंद्रेआ रॉस्सीचं ई-कॅट हे निकेल-हायड्रोजनवर चालणारं कोल्ड फ्यूजन (म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जोडून उष्णता काढायचं) यंत्र घातलेल्या विजेच्या पंधरापट उष्णता देतं, स्वतंत्र शास्त्रज्ञांनी ते तपासलंय आणि तेलवाल्यांनी दाबून ठेवलंय. शेवटी टोमणा : 'ज्यांना पटत नाही त्यांनी आधी भौतिकशास्त्र शिकावं.' दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही. इंदूरच्या सांवेर रोडच्या कारखान्यांत फिरून लोकांचे तापमापक नि फ्लो मीटर तपासणं हाच माझा धंदा आहे.

तुमची ती 'स्वतंत्र तपासणी' म्हणजे २९ मार्च २०११ची, बोलोन्याची. हन्नो एसेन आणि स्वेन कुलांदर हे दोघे स्वीडिश प्राध्यापक. तासाला ६.४७ किलो पाणी आत, वीज ३०० वॅट, दुसऱ्या टोकाला वाफ. आता बघा. एक किलो पाणी १८ अंशांवरून १००ला न्यायला साधारण ३४३ किलोज्यूल लागतात. त्याच किलोची वाफ करायला वरून आणखी २२५७. म्हणजे सगळ्या पाण्याची वाफ झाली तर यंत्र ४.७ किलोवॅट देतंय, आणि वाफ न होता नुसतं उकळतं पाणी नळीतून गेलं तर जेमतेम ६२० वॅट. सगळा दावा त्या वाफेच्या कोरडेपणावर (म्हणजे तिच्यात पाण्याचे थेंब नसण्यावर) टांगलेला, आणि कोरडेपणा मोजला कशाने? आर्द्रतामापकाच्या सळईने! ती सळई वायुरूपातली बाष्पच मोजते. सोबत उडणारे थेंब तिच्या गावीही नसतात. नळीतल्या जागेच्या दोन टक्के जरी द्रव पाणी असलं तरी वजनाने ते ९७ टक्के होतं.

पटत नसेल तर सकाळी पोह्याच्या गाडीवर उभे राहा. खाली पाणी खदखदतंय, वर पोह्यांची कढई. मधल्या फटीतून जे पांढरं पांढरं येतं त्याला आपण वाफ म्हणतो. ते थेंब आहेत. खरी वाफ दिसतच नाही.

करायचं एवढंच होतं : नळीचं तोंड २० लिटर गार पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवायचं. वाफ असेल तर बादली सुमारे ३१ अंशांनी तापेल, नुसतं उकळतं पाणी असेल तर चारेक अंशांनी. कोणीही, कुठेही. बादली का नाही आणली हो?

ऊर्जावेडा :
वा! गणित करून दाखवलंत आणि स्वतःच त्यात अडकलात. तुमच्याच हिशोबाने एक थेंबही वाफ धरली नाही तरी ६२० वॅट बाहेर आले. आत किती? ३००. म्हणजे दुप्पट. तुमच्याच लेखणीतून. आता बोला!

आणि एसेन कोण होते ते सांगायचं सोयीस्कर विसरलात. स्वीडनच्या संशयवाद्यांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष. कुलांदर तिथल्या विज्ञान अकादमीच्या ऊर्जा समितीचे प्रमुख. हे लोक काय कोणी गल्लीतले भोंदू?

शिवाय १९८९ मध्ये फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत यूटामध्ये पत्रकार परिषद घेऊन कोल्ड फ्यूजन जमल्याचं जाहीर केलं, त्यानंतर काही आठवड्यांत आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनेक गट कामाला लागले होते. पी. के. अय्यंगार तिथे संचालक होते. ट्रिटियम (अणुप्रक्रियेची खूण असलेला जड हायड्रोजन) मिळालं, अहवाल छापला. गोऱ्यांनी नाक मुरडलं की आपण लगेच माना खाली घालतो, हा आपला जुना रोग.

स्नेहलतागंजकर :
एक मिनिट. हे कॅट म्हणजे आपलं सुखनिवासचं कॅट ना? माझा भाचा तिथे आहे, त्याने तर कधी सांगितलं नाही.

तापमापक :
नाही हो काकू. ते सरकारी संशोधन केंद्र, २००५ पासून राजा रामण्णा केंद्र झालंय, इंदूरच्या तोंडी अजून कॅटच. तिथे इंडस-२ या गोल यंत्रात इलेक्ट्रॉन फिरवतात, पाणी तापवत नाहीत. भाच्याला त्रास देऊ नका.

इंदूरची लेक, पुण्याची सून :
विषय वाचला, कळला नाही, पण एक चूक खुपली. पोहे गाडीवर वाफवतात असं कोणी सांगितलं? इकडे सगळे म्हणतात पोहे फोडणीचे, वर झाकण, एक वाफ, झालं. सासूबाई तर इंदुरी पोह्यांना 'रुग्णाचं खाणं' म्हणतात.

जुना फायरमन :
सून बाई, सासूबाईंना नमस्कार सांगा आणि म्हणावं रुग्ण तुम्हीच. आमचे पोहे कढईत तेलात परतत नाहीत, पाण्यावर वाफवतात, वरून शेव, जिरावण, बारीक कांदा, आणि फोडणीत बडीशेप. बडीशेप! पुण्यात मागून बघा, तोंडाकडे बघत राहतील.

आता मुद्द्याचं. मी एका गिरणीत बॉयलरवर बावीस वर्षं होतो. (नाव नको, माझी देणी अजून अडकली आहेत, त्याच्यावर वेगळा धागा काढावा लागेल.) ओली वाफ काय असते ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एकदा रात्रपाळीला फीडचं पाणी खराब आलं, ड्रममध्ये फेस झाला, आम्ही त्याला प्रायमिंग म्हणायचो. काचेतली पातळी नाचायला लागली. दाबाचा काटा जिथल्या तिथे, तापमान जिथल्या तिथे, सगळं व्यवस्थित दिसून राहिलं होतं. आणि तिकडे सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या) सिलिंडरवर सूत सुकेना. पाइपात धडाड् धडाड्, जणू कोणी आतून हातोडा मारतंय. मिस्त्री ओरडला, "भिया, वाफ नाही, पाणी पाठवून राहिला तू!" तेव्हा कळलं, काटा बघून वाफ ओळखता येत नाही. ट्राय कॉक, म्हणजे तपासायची छोटी तोटी, उघडायचा आणि तोंडाशी बघायचं. कोरडी वाफ असेल तर पहिले बोटभर काहीच दिसत नाही, मग पांढरं होतं. ओली असेल तर तोंडापासूनच पांढरं. जून २०११ मध्ये स्टीव्हन क्रिविट नावाच्या पत्रकाराने बोलोन्याला जाऊन व्हिडिओ काढला, त्यात नळीच्या टोकाशी जे फुसफुसत होतं ते माझ्या नातवाने मला दाखवलं. पावणेपाच किलोवॅटची वाफ म्हणजे तीन विजेच्या किटल्या एकदम. ते एका चहाच्या भांड्याएवढंही नव्हतं.

ऊर्जावेडा :
फायरमन काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण क्रिविटच्या व्हिडिओवेळचा प्रयोग वेगळा होता. मी मार्चबद्दल बोलतोय. आणि माझ्या दुप्पटच्या प्रश्नाला अजून उत्तर नाही. पोहे पोहे काय लावलंय?

इंदूरची लेक, पुण्याची सून :
पोहे तुमच्या मित्राने काढले, मी नाही. आणि काका, सासूबाईंना रुग्ण म्हणायची गरज नव्हती. मी लहानपणी रामबागेत वाढले, माझी आई पोहे फोडणीतच करायची, बडीशेप न घालता. ती इंदूरची नव्हती का?

रामबागकर :
तुमच्या आई कोणत्या गल्लीतल्या? आमच्याकडे घरचे पोहे फोडणीचेच, वाफेचे बाजारात. दोघंही बरोबर. बाकी 'एक युनिट घालून तीन घ्या' हे वाक्य माझ्यापुढे उच्चारू नका. सहा वर्षांपूर्वी एका दुकानदाराने मला याच वाक्यावर हीट पंपचा गीझर गळ्यात बांधला. हीट पंप तीनपट देतो हे खोटं नाही, हवेतली उष्णता ओढतो. पण बोअरच्या खाऱ्या पाण्याने दीड वर्षात आत चुना बसला आणि गॅरंटी कार्डावर बारीक अक्षरांत पाण्याबद्दल लिहिलेलं निघालं. दुकानदार आता फोन उचलत नाही. तेव्हापासून जास्त उष्णता म्हटलं की मी पाकीट धरतो.

तापमापक :
रामबागकर, गीझर बाजूला ठेवा.

ऊर्जावेडा, दुप्पटचा मुद्दा माझ्याकडून निसटला होता. मान्य. दोनदा म्हणू का? पण पंधरापट आणि दुप्पट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंधरापट असेल तर नवं भौतिकशास्त्र. दुप्पट असेल तर आधी पंप, वायरी आणि तापमापक कुठे चिकटवलाय ते बघायचं, कारण यंत्र रॉस्सीचं, जागा रॉस्सीची, कंट्रोल बॉक्सही रॉस्सीचा. तुमचे संशयवादी अध्यक्ष तिथे पाहुणे होते. भोंदू कोणी म्हटलं नाही, पाहुणा म्हणतोय.

आता मी विचारतो. बाहेरचं तापमान १००च्या आसपास चिकटून होतं. सगळं पाणी वाफ होऊन वर दहा टक्के उष्णता जास्त झाली असती, तर हीच वाफ २३० अंशांपर्यंत गेली असती. दहा टक्के कमी पडली असती तर पाणी शिल्लक राहिलं असतं. तुमच्या यंत्राला कोणी सांगत होतं का, "बाळा, शेवटचा थेंब संपला, आता एक वॅटही जास्त देऊ नकोस"? तापमान १००ला अडून बसणं हीच ओल्या वाफेची सही आहे.

आणि भाभातल्यांनी जोर दिला ट्रिटियम आणि न्यूट्रॉनवर. तुम्ही त्यांच्या नावावर निकेलची पंधरापट उष्णता खपवताय.

जुना फायरमन :
२३० वाचलं आणि सुपरहीटर (वाफ आणखी तापवणारा) आठवला. बरोबर आहे.

ऊर्जावेडा :
तुम्ही शेवटी पाठ्यपुस्तकातच अडकणार. मी स्वतः केलंय. १९९३ मध्ये कॉलेजच्या लॅबमधून निकेलची पट्टी, पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी, झाकण लावलेला थर्मास. ३ व्होल्ट, अर्धा अँपिअर. पाच रात्री जागलो, दर पाऊण तासाला आकड्यांची नोंद, आईने चहा दिला. दर वेळी १९-२० टक्के जास्त. वही आहे माझ्याकडे. माझ्या पाच रात्रींना तुम्ही घोळ म्हणणार का?

तापमापक :
रात्रींना नाही म्हणत. पण एक विचारतो : पाणी फुटून हायड्रोजन-ऑक्सिजन होताना जी ऊर्जा गॅसबरोबर निघून जाते, तिचा हिशोब वजा केलात? १.४८ व्होल्ट गुणिले करंट?

ऊर्जावेडा :
अर्थात केला. मला काय भौतिकशास्त्र येत नाही?

तापमापक :
मग झालं. एकूण १.५ वॅट, त्यातले ०.७४ गॅसबरोबर उडाले असं धरून ०.७६ उरले. पण थर्मासला झाकण होतं. त्या हायड्रोजन-ऑक्सिजनपैकी पाचवा हिस्सा आतच परत मिसळून पाणी झाला, तर ०.१५ वॅट आतच राहिले. ०.९१ भागिले ०.७६. किती येतं?

ऊर्जावेडा :
१.२०.

तापमापक :
हं.

ऊर्जावेडा :
हं काय हं! पाचवाच हिस्सा का? कुठून काढला? माझ्या आकड्याला बसेल असा शोधलात.

तापमापक :
तेही खरं. म्हणून गॅस नळीने बाहेर काढून उलट्या मोजपात्रात मोजायचा. मोजला होता?

रामबागकर :
कचकच पुरे. मला अमेरिकेतल्या खटल्याचं नवल वाटतं. एक मेगावॅटचं यंत्र फ्लोरिडातल्या एका गोदामात वर्षभर चाललं म्हणे. ज्या कंपनीने लायसन्स घेतलं तिने ८.९ कोटी डॉलर द्यायला नकार दिला, म्हणून २०१६ मध्ये रॉस्सी कोर्टात गेला. २०१७ च्या जुलैत आपसात मिटवलं. कंपनीचं म्हणणं, यंत्र चालतच नाही. अहो, एक मेगावॅट म्हणजे हजार हीटर. त्या गोदामात माणूस भाजून निघाला असता!

ऊर्जावेडा :
मिटवलं म्हणजे हरला नाही. आणि २०१५ पासून गूगलने तीस जणांना लावून, कोटभर डॉलर खर्चून काम केलं ते कशाला, कोल्ड फ्यूजन भंपक असतं तर?

तापमापक :
आणि २०१९ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात काय छापलं? जास्त उष्णतेचा पुरावा सापडला नाही. पुढचं तुम्ही गाळलंत. तरी एक तुमच्या बाजूचं देतो : पॅलेडियममध्ये हायड्रोजन कोंबायच्या चांगल्या रीती त्यातून हाती आल्या. घ्या, तेवढं तुमचं.

ऊर्जावेडा :
उपकार झाले.

इंदूरची लेक, पुण्याची सून :
आईला फोन केला. म्हणते, "बडीशेप घालायचे ना मी, तुला आवडायची नाही म्हणून वेचून बाजूला ठेवायचीस." सासूबाईंना सांगणार नाही.

जुना फायरमन :
🙏

तापमापक :
ऊर्जावेडा, रविवारी माझ्याकडे या. बादली, दोन तापमापक, मोजपात्र, सगळं आहे. तुमची निकेलची पट्टी आणि थर्मास आणा. वही पण.

ऊर्जावेडा :
वही आणतो. थर्मास ९४ सालीच फुटला.