मदत हवी आहे : डेक्स्टेरिटी १८ असूनही तलवारीचा डॅमेज वाढत का नाही?

रानपिंगळा
आम्ही फाशांवर चालणारा भूमिका-खेळ खेळतो. माझ्या कॅरेक्टरची डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ आहे, म्हणजे मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +४. तरीही गेल्या खेळात आमच्या गेम मास्टरांनी हे चार तलवारीच्या डॅमेजमध्ये धरू दिले नाहीत; उलट स्ट्रेंग्थ (ताकद) ८ आहे म्हणून एक वजा करायला लावला. गोब्लिनवर वार नीट बसला, डॅमेजच्या फाशावर १ पडला, त्यातून १ गेला आणि डॅमेज शून्य धरला गेला. वार बसतो की नाही हे डेक्स्टेरिटीवर ठरते, मग जखम किती झाली हे स्ट्रेंग्थवर का? शनिवारी संध्याकाळी पुढचा खेळ आहे, त्यामुळे नेमका नियम कृपया लवकर सांगावा.

कोयनाकाठ
तलवार कोणती, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या) पाचव्या आवृत्तीत लाँगसोर्ड स्ट्रेंग्थवरच चालते. रॅपियर, शॉर्टसोर्ड आणि सिमिटार ही फिनेस, म्हणजे चपळाईने चालवता येणारी, हत्यारे आहेत. त्यांच्यासाठी स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी यांपैकी एक निवडता येते, मात्र जो गुण वारासाठी निवडाल तोच डॅमेजलाही धरावा लागतो.

रानपिंगळा
रॅपियर आहे. कॅरेक्टर हाफलिंग (बुटका वंश) रोग (चोरट्या, लबाड लोकांचा वर्ग), पहिली पातळी. म्हणजे माझेच बरोबर आहे ना?

कोयनाकाठ
पूर्णपणे बरोबर. गेम मास्टरांना पुस्तकातला फिनेसचा नियम दाखवा.

जुनाफासा
इतक्या घाईने निकाल देऊ नये. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत वेपन फिनेस हे फीट (खास कौशल्य) घेतले तरी डेक्स्टेरिटी फक्त वार लागण्यासाठी वापरता येत असे, डॅमेज मात्र स्ट्रेंग्थचाच राही. मला ती विभागणी आजही योग्य वाटते. मुळात डी अँड डीच्या १९७४ च्या पहिल्या तीन पुस्तिकांमध्ये स्ट्रेंग्थमुळे वार किंवा डॅमेज वाढतच नव्हता. तो बदल १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. पुढे ॲडव्हान्स्ड डी अँड डीमध्ये फायटरची स्ट्रेंग्थ १८ आली की शतमानाचे (१ ते १००) फासे वेगळे टाकावे लागत आणि त्यावर १०० पडले तर वाराला +३ आणि डॅमेजला +६ मिळत असे. पाचव्या आवृत्तीने वार, डॅमेज, आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) आणि इनिशिएटिव्ह (आधी कोण खेळणार ते) एकट्या डेक्स्टेरिटीच्या हाती दिल्यामुळे स्ट्रेंग्थ कोणी घ्यावी, हा प्रश्नच पडतो.

कोयनाकाठ
त्यांनी इतिहास विचारलेला नाही. शिवाय रॅपियरचे टोक नेमक्या जागी गेले की जखम खोल होते, तिथे बाहुबळाचा संबंध थोडाच असतो.

जुनाफासा
मग धनुष्याचे काय? १५४५ मध्ये बुडालेले मेरी रोझ हे इंग्रजी जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्यावर सापडलेल्या धनुष्यांची ओढ शंभर पौंडांहून अधिक असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती ओढण्यासाठी ताकद लागते, तरी पाचव्या आवृत्तीत लाँगबोच्या डॅमेजमध्ये स्ट्रेंग्थ कुठेच येत नाही.

तिसरा पहारा
स्ट्रेंग्थ ८ ठेवणे हीच मुळातली चूक आहे, असे माझे मत आहे. प्रत्येक गुणासाठी चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडावा आणि उरलेल्या तिघांची बेरीज घ्यावी. आम्ही प्रत्येक कॅरेक्टर असेच बनवतो आणि त्यात क्वचितच कोणी कमकुवत निघते.

दिवेलागण
रानपिंगळा, तीन गोष्टी सांगा. डॅमेजचा फासा सहा बाजूंचा टाकलात की आठ? कॅरेक्टर शीटवर रॅकेट (रोगचा उपप्रकार) या शब्दापुढे काय लिहिले आहे? आणि नियमपुस्तक नेमके कोणते?

रानपिंगळा
फासा सहा बाजूंचा. रॅकेटपुढे स्काउंड्रल लिहिले आहे. पुस्तक पाथफाइंडर या वेगळ्या पण तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे आहे. आमच्यात सगळे त्याला डी अँड डीच म्हणतात, म्हणून वेगळे लिहिले नव्हते.

दिवेलागण
शंका आलीच होती, कारण डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत रॅपियरचा फासा आठ बाजूंचा असतो. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत फिनेस हत्याराने वार करताना डेक्स्टेरिटी घेता येते, पण डॅमेज स्ट्रेंग्थचाच राहतो. याला अपवाद थीफ रॅकेट घेतलेल्या रोगचा. तुमचे स्काउंड्रल असल्यामुळे -१ लागू करणे योग्यच होते. शून्य मात्र चूक आहे. वजावटीमुळे डॅमेज शून्यावर किंवा त्याखाली गेला, तरी बसलेल्या वाराने किमान १ डॅमेज होतोच, असे त्या पुस्तकात स्पष्ट आहे.

तुमची डेक्स्टेरिटी वाया गेलेली नाही. वाराचा बोनस ४ अधिक प्रावीण्याचे ३, म्हणजे +७ होतो. समोरच्याचा आर्मर क्लास १६ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर ९ पडले की वार लागतो. एकूण बेरीज आर्मर क्लासहून दहाने वर गेली की क्रिटिकल (जबर वार) होत असल्यामुळे २० सोबत १९ वरही क्रिटिकल मिळतो. क्रिटिकलमध्ये डॅमेज दुप्पट होतोच, शिवाय रॅपियरच्या डेडली गुणामुळे आठ बाजूंचा एक फासा वर मिळतो. सोबत शॉर्टबो जरूर ठेवा, कारण त्याच्या डॅमेजला कोणताच मॉडिफायर लागत नाही आणि तुमची वजावट आपोआप टळते. कंपोझिट शॉर्टबो मात्र घेऊ नका. त्यात चांगल्या स्ट्रेंग्थचा निम्माच लाभ मिळतो, पण वजावट पूर्ण लागते.

कोयनाकाठ
माझे पहिले उत्तर या खेळाला लागू नाही, ते मागे घेतो. पाचव्या आवृत्तीत वजावटीने डॅमेज शून्य होऊ शकतो. तुमचे गेम मास्टर ती खेळत आलेले असतील तर गोब्लिनच्या वेळी बहुधा तिथलाच नियम वापरला गेला.

रानपिंगळा
होय, ते आधी तीच आवृत्ती चालवत असत. आत्ताच फोनवर बोललो. किमान १ चा नियम त्यांनी मान्य केला आणि एकच खेळ झालेला असल्यामुळे थीफ रॅकेटवर जायलाही परवानगी दिली. मग स्काउंड्रलची फेंट (हुलकावणी) जाईल का?

दिवेलागण
डिसेप्शन या कौशल्यात प्रशिक्षण असलेल्या कोणालाही फेंट करता येते. फक्त ती साधली की समोरचा तुमच्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत बेसावध राहतो, हा स्काउंड्रलचा वाढीव लाभ जाईल. तो चालू पाळीतल्या तुमच्या पुढच्या एका वारापुरताच बेसावध राहील. त्यामुळे आधी फेंट आणि लगेच वार, हा क्रम सोडू नका. शीटवर रॅपियरच्या डॅमेजमध्ये आता -१ खोडून +४ लिहा.