८०जीची वजावट : दानाला कमीपणा की संस्थेला आधार?

वसतिगृह सचिव
"वजावट मिळते म्हणून दिलेले दान हे दानच नव्हे, आणि नव्या करप्रणालीत ८०जी राहिले नाही हे उत्तमच झाले," असे काल 'करदाता पुणेकर' यांनी इथे लिहिले. ८०जी म्हणजे नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीची करपात्र उत्पन्नातून वजावट देणारे १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम. ते वाक्य मला रात्रभर सलत राहिले. मी तालुक्याच्या गावी मुलींच्या एका वसतिगृहाचे काम २२ वर्षे पाहतो आहे. ४० मुली आहेत, सरकारी अनुदान नाही. आमच्या निम्म्या पावत्या मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत फाटतात. "पावतीवर ८०जीचा क्रमांक आहे ना?" असे आधी विचारून मग पाच हजार देणारा माणूस दानशूर नसेलही, पण त्या पाच हजारांत आमचा दहा-बारा दिवसांचा तांदूळ येतो. २०२३-२४ पासून, जुनी प्रणाली मागून न घेतल्यास, कमी दरांची पण बहुतेक वजावटी नसलेली नवी प्रणाली आपोआप लागू झाली आणि मार्चमधला फोन वाजायचा थांबला. दात्यांचा जिव्हाळा कमी झालेला नाही. मागण्याचे आमचे निमित्त तेवढे गेले.

करदाता पुणेकर
आपल्या कामाबद्दल आदर ठेवूनच लिहितो. दहा हजारांच्या देणगीवर निम्मी वजावट धरली, तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह १,५६० रुपये वाचतात, २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे १,०४० वाचतात, आणि ज्याला कर लागतच नाही त्या दूधवाल्याचा एक पैसाही वाचत नाही. देणगी तीच, संस्था तीच, पण सरकार सर्वांत जास्त हातभार लावते तो सर्वांत श्रीमंताला. हे वाचलेले पैसे शेवटी आपल्या सगळ्यांच्या तिजोरीतले असतात. ते कोणत्या संस्थेला जावेत हे त्या एका माणसाने का ठरवावे, याचे उत्तर तांदळाच्या हिशेबातून मिळत नाही.

हिशेबतपासनीस
मी तीस वर्षे लोकांची विवरणपत्रे भरतो आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. एका ३० मार्चला एक जुने अशील दोन लाखांची पावती घेऊन आले. धनादेश खरा होता, संस्था नोंदणीकृत होती, मात्र दलाली कापून उरलेली रक्कम रोखीने परत मिळाल्याचे त्यांनी माझ्यासमोर बसून सांगितले. मी ती वजावट दाखवण्यास नकार दिला आणि ते अशील गेले. वजावटीसाठी रोख देणगीची मर्यादा दहा हजारांवरून दोन हजारांवर आणली ती रोखीचे व्यवहार कमी व्हावेत म्हणून, पण धनादेशाने देऊन रोखीने परत घेणाऱ्याला ती अडवत नाही.

वाचनालय विश्वस्त
या सगळ्यांचा भुर्दंड आम्ही भरतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही. २०२१-२२ पासून प्रत्येक दात्याची माहिती १०बीडी या विवरणात ३१ मेपर्यंत भरावी लागते, त्याशिवाय दात्याला १०बीई प्रमाणपत्र मिळत नाही आणि वजावटही मिळत नाही. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क. आमच्या वाचनालयाला एक आजी दर वर्षी यजमानांच्या तिथीला ५०१ रुपये देतात. गेल्या वर्षी मी पॅन किंवा आधार मागितला, तेव्हा त्यांनी नोटा पुन्हा रुमालात बांधल्या आणि "बाळ, मी पैसे द्यायला आले होते, मागायला नाही," असे म्हणून त्या पायऱ्या उतरून गेल्या. त्यांना वजावट नकोच होती.

हिशेबतपासनीस
नियम भावनेवर चालत नाहीत. ओळखक्रमांक न घेता पावत्या फाडणाऱ्या संस्थांमुळेच ही वेळ आली.

वाचनालय विश्वस्त
म्हणजे ५०१ रुपयांची पावती फाडणारा मी आणि आपले दोन लाखांचे अशील एकाच पंगतीला? आम्ही धर्मादाय कार्यालयात दर वर्षी लेखापरीक्षण अहवाल देतो, विश्वस्त बदलला की फेरफार अर्ज करतो, आणि २०२१ नंतर जुन्या कायम नोंदणीच्या जागी पाच वर्षांची नोंदणीही करून घेतली. या कागदपत्रांसाठी सल्लागाराला दिलेल्या रकमेत दोन वर्षांचे दिवाळी अंक आले असते. चोर सापडत नाही म्हणून घराघराची झडती घेण्यातला हा प्रकार आहे.

वसतिगृह सचिव
'हिशेबतपासनीस', हे मलाही लागले. आमच्याकडे शेतकरी ज्वारीची पोती आणून देतात. वस्तुरूप देणगीला वजावट नाही, हे ठाऊक असूनही देतात. त्यांच्या दानाला मी कधी कमी लेखले नाही, मग पगारदाराने कायद्याने दिलेली सवलत घेतली तर त्याला तरी लबाड का ठरवावे?

हिशेबतपासनीस
सरसकट लिहिले ती माझी चूक झाली. ठरावीक रकमेखालच्या देणग्यांची एकत्र नोंद चालावी, हे मलाही पटते. रोख परत घेणाऱ्यांबाबतचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. तिथे संस्थेचेच हात गुंतलेले असतात, आणि विवरणही तीच संस्था भरते.

करदाता पुणेकर
चर्चा कागदपत्रांकडे गेली, पण माझा प्रश्न तसाच राहिला. सवलत ठेवायचीच असेल, तर उत्पन्नातून वजावट न देता देणगीच्या ठरावीक टक्क्यांइतका कर सर्वांना सारखाच माफ करावा, आणि तो दोन्ही प्रणालींत असावा. एवढे मी मान्य करतो, तेही नाइलाजाने. पगारदारांच्या पावणेतेरा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत करच उरला नसेल, तर त्यांच्यापुढे आपण कोणती पावती धरणार आहात?

वसतिगृह सचिव
सारख्या दराचे म्हणणे मला मान्य आहे. २० टक्केवाल्याला १,०४० रुपये सांगताना माझीच जीभ अडखळत असे. कर न लागणाऱ्यांबाबत आपण म्हणता ते खरे आहे, त्यांच्यापुढे धरायला माझ्याकडे पावती नाही. पण त्यापुढच्या उत्पन्नाचे लोक आमच्या यादीत आहेत, आणि जुन्या प्रणालीत राहण्याचे त्यांना आता कारण उरलेले नाही. येत्या मार्चमध्ये मी त्यांना पत्रे लिहिणार आहे. पहिल्या ओळीत पूर्वी ८०जीचा क्रमांक असे. या वेळी दहावीला बसलेल्या आमच्या सात मुलींची नावे असतील.