मदत हवी आहे: दशांश वर्गीकरण सोडून दुकानासारखी विषयवार मांडणी करताना विभागाच्या आतला क्रम कसा ठेवावा?

ग्रंथसेवक:
नमस्कार. आमच्या सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तके ड्युई दशांश वर्गीकरणानुसार, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देणाऱ्या पद्धतीने, लावलेली आहेत. ती आता पुस्तकांच्या दुकानात असतात तशा ठळक विषयांखाली लावण्याचे कार्यकारी मंडळाने ठरवले आहे. स्वयंपाक, प्रवास, आरोग्य, पालकत्व, चरित्रे, व्यवसाय व पैसा अशी विभागांची नावेही निश्चित झाली आहेत. मात्र विभागाच्या आत पुस्तके कोणत्या क्रमाने लावायची यावर आमच्यात एकमत होत नाही, आणि दोन विभागांत बसणाऱ्या पुस्तकांपाशी तर रोज घोडे अडते. पाठीवरच्या चिठ्ठ्या छपाईला जाणार आहेत, तेव्हा लवकर उत्तर मिळाल्यास उपकार होतील. निर्णय योग्य की अयोग्य, ही चर्चा कृपया नको.

मुक्तप्रवेश:
ग्रंथसंग्रह केवढा आहे, तालिका संगणकावर आहे की कार्डांवर, आणि वाचक स्वतः कपाटापर्यंत जातात की खिडकीवर चिठ्ठी देऊन पुस्तक मागतात, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. खिडकीवरून देवघेव होत असेल तर ही मांडणी नेमकी कोणासाठी करायची आहे?

जुना ग्रंथपाल:
चर्चा नको म्हटले असले तरी लिहितो. ड्युईंची पद्धत 1876 पासून चालत आली आहे, ती उगाच नव्हे. नवे विषय आले तेव्हा दशांशचिन्हापुढे अंक वाढवून त्यांना जागा करता आली. तुमच्या ‘व्यवसाय व पैसा’ या पाटीखाली हिशेबनीस, गुंतवणूकदार आणि दुकानदार अशा तिघांची पुस्तके एकत्र कोंबली जातील. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते, ते मंडळाला जरूर वाचून दाखवावे.

कपाटाआड:
त्याच सूत्राच्या आधारे मी उलट म्हणेन. मूल होऊ घातलेल्या जोडप्याने तुमच्या पद्धतीत कुठे कुठे फिरायचे? गर्भारपणाची पुस्तके 618.2 ला, बालमानसशास्त्र 155.4 ला आणि संगोपन 649 ला. भाषा 400 मध्ये आणि त्याच भाषेतील साहित्य 800 मध्ये असते, हे तर सर्वांच्या अंगवळणी पडले आहे, म्हणून कोणी तक्रार करत नाही इतकेच.

नीटनेटका:
माझे मत असे की, आधी प्रत्येक पुस्तकाला इलेक्ट्रॉनिक टॅग बसवून घ्यावा. म्हणजे चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक हातातल्या यंत्राने शोधता येते आणि वार्षिक पडताळणीही झटपट उरकते.

ग्रंथसेवक:
टॅगविषयी मी विचारलेले नाही. संग्रह सुमारे 18,000 पुस्तकांचा आहे, तालिका संगणकावर आहे आणि वाचक थेट कपाटांपर्यंत जातात. कथा-कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लावलेल्या असून त्यांना हात लावायचा नाही.

मुक्तप्रवेश:
हे आधी कळले असते तर बरे झाले असते. जुना वर्गांक, म्हणजे ड्युईचा आकडा, पुसू नका. चिठ्ठीवर वरच्या ओळीत विभागाचे नाव, त्याखाली वर्गांक आणि शेवटी लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे छापावीत, उदाहरणार्थ ‘आरोग्य, 613.2, देशपां’. म्हणजे विभागाच्या आतला क्रम आयता मिळतो आणि आहाराची पुस्तके व्यायामाच्या पुस्तकांत मिसळत नाहीत. अमेरिकेतील डॅरियन या गावच्या ग्रंथालयाने असाच मध्यम मार्ग काढला: मोठे विषयगट केले आणि त्यांच्या आत ड्युईचे आकडे राहू दिले.

कपाटाआड:
म्हणजे जुन्याच कपाटावर नवी पाटी. आकड्यांपासून वाचकाची सुटका करायची होती ना? अ‍ॅरिझोनात मॅरिकोपा काउंटीची पेरी शाखा 2007 मध्ये उघडली ती ड्युईविनाच, पुस्तक-व्यवसायातील ‘बायसॅक’ या विषययादीतील शीर्षकांच्या आधारे.

मुक्तप्रवेश:
बायसॅक विक्रीसाठी बनवलेली पद्धत आहे, हे विसरून चालणार नाही. तिच्यात एकाच पुस्तकाला एकाहून अधिक संकेतांक देता येतात, कारण यादीत पुस्तक कितीही ठिकाणी दिसले तरी बिघडत नाही. आपल्याकडे प्रत एक आणि फळीही एकच. शिवाय दुकानात पुस्तक सापडले नाही तर गिऱ्हाईक दुसरे घेऊन जाते. ग्रंथालयात मात्र वाचकाला तेच पुस्तक हवे असते आणि ते आत आहे असे संगणक सांगत असतो.

जुना ग्रंथपाल:
हे मात्र पटले. मांडणी बदलणारच असाल तर निदान एक वही ठेवा. आचाऱ्याचे आत्मचरित्र चरित्रांत लावले की स्वयंपाकात, हे एकदा ठरले की तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे दुसरी प्रत वेगळ्या माणसाच्या हाती पडली तरी ती वेगळ्या कपाटात जाणार नाही. माझा कल विषयाकडे राहील; चरित्रविभागात त्यांनाच ठेवावे, ज्यांचे नाव वाचक व्यक्ती म्हणून घेतात. आणि अनुवादित पुस्तकांना मूळ लेखकाची अक्षरे द्यायची की अनुवादकाची, हेही छपाईपूर्वी ठरवून टाका.

ग्रंथसेवक:
अनुवादांचा मुद्दा आमच्या बैठकीत निघालाच नव्हता. मूळ लेखकाचीच अक्षरे देऊ, कथा-कादंबऱ्यांत तसेच केलेले आहे. तीन ओळींची चिठ्ठी पाठीवर मावते, मात्र बारीक पुस्तकांचे काय करायचे? आणि हे काम सुरू असताना ग्रंथालय बंद ठेवावे लागेल का?

मुक्तप्रवेश:
बारीक पुस्तकांवर चिठ्ठी मुखपृष्ठाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, पाठीला लागून चिकटवावी. ग्रंथालय बंद ठेवण्याची गरज नाही. एका वेळी एकच विभाग हाती घ्या आणि पुस्तके हलवाल त्याच दिवशी संगणकातील स्थानाची नोंद बदला. वाचकांकडे गेलेली पुस्तके परत येतील तेव्हा देवघेवीच्या टेबलावरच बाजूला काढून त्यांच्या चिठ्ठ्या बदलाव्यात. सुरुवात स्वयंपाकापासून करा, कारण त्यातली बहुतेक पुस्तके 641.5 ला एकत्रच सापडतील. पालकत्व शेवटी ठेवा.