पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करावी का?

प्रश्न:
माझी आई 54 वर्षांची असून तिची पाळी जाऊन काही वर्षे झाली आहेत. गावातील शिबिरात ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीत दोष आढळला नाही, परंतु तालुक्याच्या डॉक्टरांनी एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूची, चाचणी सुचवली आहे. “मला काही त्रास नाही, मग पुन्हा तपासणी कशाला?” असे आई म्हणते. ही चाचणी खरोखर आवश्यक आहे का?

प्रतिसाद 1:
माझ्या मते आवश्यक आहे. हा रोग ज्या भागात सुरू होतो, तो पाळी गेल्यानंतर बहुधा गर्भाशयमुखाच्या आत सरकतो. त्यामुळे आम्ल लावल्यावर दोष असलेल्या जागी उठणारा पांढरा डाग तपासणाऱ्याला दिसेलच असे नाही. एचपीव्ही चाचणी मात्र विषाणूचाच शोध घेते. शिवाय संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत सहसा 15 ते 20 वर्षे जातात आणि या काळात कसलाही त्रास जाणवत नाही, हे आईंना अवश्य सांगावे.

प्रतिसाद 2:
याचा पुरावा आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एचपीव्ही चाचणी फक्त एकदा केली, तिथे आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या आम्ल-तपासणीने मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. तरीही ती तपासणी निरुपयोगी नव्हे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ती दर दोन वर्षांनी करून घेतली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. विषाणू आढळला तर पुढे काय? आई त्या कल्पनेनेच घाबरते.

प्रतिसाद 3:
विषाणू आढळणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. त्यानंतर दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहतात, गरज वाटल्यास तुकडा तपासतात आणि कर्करोगापूर्वीचे बदल आढळल्यास तेवढाच भाग काढतात किंवा नष्ट करतात. संकोच वाटत असेल, तर जिथे सोय आहे तिथे चाचणीचा नमुना त्यांना स्वतःलाही घेता येतो. मात्र पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर चाचणीचा निष्कर्ष काहीही असो, ते अंगावर न काढता लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.