कॉलेजच्या नेटवर्कवर राउटरऐवजी सर्व्हरवरून आयपी वाटप: १६९.२५४ ची भानगड

लॅबवाला_०७

तीन लॅब मिळून १८० पीसी, ऑफिसात २५ आणि ९ प्रिंटर. शिवाय विद्यार्थ्यांचे मोबाइल वाय-फायवर. सगळं एकाच १९२.१६८.१.० /२४ मध्ये, आणि आयपी देतोय इंटरनेटचा राउटर, लीज (पत्ता वापरायची मुदत) २४ तासांची. अकरा वाजले की लॅबमधल्या पीसींना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येऊ लागतो, मधूनच आयपी कॉन्फ्लिक्टचा मेसेजही येतो. प्रिंटरचे पत्ते हाताने टाकलेले आहेत. विंडोज सर्व्हर २०१९ आहे, तोच डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा). स्विच लेयर-३ (राउटिंगही करणारा) आहे, पण व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) केलेले नाहीत. डीएचसीपी (आयपी आपोआप वाटणारी सेवा) सर्व्हरवर हलवलं तर सुटेल का? लीज किती ठेवावी?

पॅचपॅनेल

नुसतं हलवून काही होणार नाही. /२४ मध्ये वापरता येणारे पत्ते २५४, त्यातले २१४ तुमच्या पीसी आणि प्रिंटरनीच खाल्ले. उरलेल्या चाळीसात अख्ख्या कॉलेजचे मोबाइल कसे बसणार? त्यात लीज २४ तासांची, म्हणजे सकाळी दोन मिनिटं जोडलेला मोबाइलही उद्यापर्यंत पत्ता अडवून बसतो. १६९.२५४ चा अर्थ एवढाच, की पीसीने ओरडून विचारलं आणि कुणीच उत्तर दिलं नाही. कॉन्फ्लिक्टचं कारणही उघड आहे: प्रिंटरना हाताने दिलेले पत्ते राउटरच्या पूलमध्येच (वाटायच्या पत्त्यांच्या साठ्यात) आहेत, त्यामुळे तो तेच पुन्हा वाटतो.

आधी व्हीलॅन करा. लॅब १०.२०.१०.० /२४, ऑफिस आणि प्रिंटर १०.२०.२०.० /२४, वाय-फाय १०.२०.३२.० /२२ (१०२२ पत्ते). सर्व्हर ऑफिसच्या व्हीलॅनमध्ये, स्थिर पत्त्यावर, समजा १०.२०.२०.१०. मास्क (/२४, /२२ हा आकार) नीट विचार करून ठरवा. स्कोप (एका नेटवर्कसाठी वाटायच्या पत्त्यांचा पट्टा) एकदा तयार झाला की विंडोजमध्ये त्याचा मास्क बदलता येत नाही, स्कोप उडवून नवा करावा लागतो. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ मुद्दाम टाळलेत. उद्या कुणी घरचा वाय-फाय राउटर आणून लॅबच्या सॉकेटला लावला आणि तो पत्ते वाटू लागला, तर परका पत्ता बघताक्षणी ओळखू येईल.

सर्व्हरवर डीएचसीपी रोल टाकल्यावर 'कम्प्लीट डीएचसीपी कॉन्फिगरेशन' पूर्ण करून सर्व्हर ऑथराइज करा (डोमेनमध्ये पत्ते वाटायची परवानगी द्या). हे राहिलं तर सर्व्हिस चालू दिसते, पण एकही पत्ता सुटत नाही. इव्हेंट लॉगमध्ये १०४६ दिसला तर हेच कारण.

स्कोपचे ऑप्शन: ००३ मध्ये त्या व्हीलॅनचा गेटवे (बाहेर जायचा रस्ता), ००६ मध्ये डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर), ०१५ मध्ये डोमेनचं नाव. ००६ मध्ये फक्त डोमेन कंट्रोलरचा पत्ता. 'बॅकअप म्हणून' ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) घालायचा मोह टाळा. पीसी कधी त्याला विचारतो, त्याला तुमचं डोमेन माहीत नसतं, आणि लॉगिन अधूनमधून अडकायला लागतं. बाहेरची नावं शोधायला डीएनएस सर्व्हरवर फॉरवर्डर असतो, ८.८.८.८ ची जागा तिथे.

लीज: लॅब आणि ऑफिसला विंडोजचे मूळचे ८ दिवस ठीक. वाय-फायला २ तास. क्लायंट (पत्ता घेणारा पीसी) निम्मी लीज संपली की नूतनीकरण मागतो, म्हणजे सर्व्हर दोन-तीन दिवस बंद राहिला तरी लॅबला कळणारसुद्धा नाही. २ तासांच्या लीजला ती सोय नाही.

प्रिंटरचे हाताने टाकलेले पत्ते काढून प्रिंटर डीएचसीपीवर ठेवा आणि सर्व्हरवर रिझर्व्हेशन करा (त्या मॅकला कायम तोच पत्ता). मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा क्रमांक) प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन पेजवर छापून मिळतो. गेटवे, सर्व्हर, स्विच यांचे स्थिर पत्ते मात्र एक्सक्लूजनमध्ये (न वाटायच्या यादीत) टाका, सुरुवातीचे १ ते २० सरसकट वगळले तरी चालेल.

केबल_टेस्टर

वर रिलेचा (पत्त्याची मागणी दुसऱ्या व्हीलॅनमधल्या सर्व्हरकडे पोचवणाऱ्या सोयीचा) उल्लेख राहिला. डिस्कव्हर (पीसीची पत्त्याची पहिली मागणी) हा ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवलेला संदेश) असतो, तो व्हीलॅन ओलांडत नाही. स्विचवर सर्व्हर नसलेल्या प्रत्येक व्हीलॅनच्या इंटरफेसला हेल्पर ॲड्रेस म्हणून १०.२०.२०.१० द्या. रिले पाकिटात त्या इंटरफेसचा आयपी भरतो आणि सर्व्हर त्यावरूनच स्कोप निवडतो. त्या पत्त्याला जुळणारा स्कोप नसेल तर सर्व्हर गप्प बसतो, लोक उगाच केबल तपासत राहतात. आणि सर्व्हरचा स्वतःचा गेटवे बरोबर असू द्या, नाहीतर उत्तर परत जाणार नाही. यूडीपी ६७ (डीएचसीपीचा पोर्ट) फायरवॉलमध्ये उघडा हवा.

एखाद्याच लॅबमध्ये पीसी चालू करताना १६९.२५४ येतो आणि पाचेक मिनिटांनी आपोआप नीट होतं? तर पूल नाही, स्विचचा स्पॅनिंग ट्री (केबलचे लूप टाळणारी यंत्रणा) बघा. जुन्या पद्धतीत पोर्ट उघडायला ३० सेकंद लागतात, तोवर पीसी विचारून थकतो. पीसींच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग) लावा, स्विच-ते-स्विच पोर्टवर नको.

परका राउटर आलाच तर: बिघडलेल्या पीसीवर आयपीकॉन्फिग ऑल या कमांडमध्ये 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ वाचा, एआरपी टेबलमधून (आयपी आणि मॅकच्या जोड्यांच्या यादीतून) त्याचा मॅक काढा, तो स्विचच्या मॅक टेबलमध्ये शोधा. पोर्ट नंबर मिळाला की भिंतीतलं सॉकेट मिळालं. कायमचा बंदोबस्त डीएचसीपी स्नूपिंग (परक्या डीएचसीपीची उत्तरं स्विचनेच अडवणं): सर्व्हरचा पोर्ट आणि अपलिंक (दुसऱ्या स्विचकडे जाणारा पोर्ट) ट्रस्टेड, बाकी सगळे अनट्रस्टेड. अपलिंक ट्रस्टेड करायचा राहिला तर पुढच्या स्विचवरची अख्खी लॅब बसेल.

रूट_शेल

एक पैशाचा मुद्दा. विंडोज सर्व्हरकडून आयपी घेणाऱ्या प्रत्येक डिव्हाइसला किंवा वापरकर्त्याला क्लायंट ॲक्सेस लायसन्स लागतं, पाहुण्यांच्या मोबाइललासुद्धा. म्हणून वाय-फायचा स्कोप विंडोजवर ठेवूच नका. स्विच, फायरवॉल किंवा लिनक्सवर केया (डीएचसीपी सर्व्हरचा प्रोग्राम), काहीही चालेल. जुना आयएससी डीएचसीपी नव्याने बसवू नका, त्याची देखभाल २०२२ मध्येच थांबली. केयाची फाइल जेसनमध्ये असते, लीज सेकंदांत: २ तास म्हणजे ७२००. एखादा स्वल्पविराम चुकला की सर्व्हिस उठत नाही, म्हणून रीस्टार्टआधी मायनस टी (-t) देऊन फाइल तपासा.

आणि मोबाइलना मॅकवरून रिझर्व्हेशन देण्याच्या फंदात पडू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक दाखवतो.

लॅबवाला_०७

धन्यवाद सगळ्यांना. वाय-फाय फायरवॉलवर ठेवतो. बदल करताना लॅब बंद ठेवावी लागेल का? आणि डोमेन कंट्रोलरवरच डीएचसीपी चालवणं बरोबर आहे का?

पॅचपॅनेल

लॅब बंद नको. आदल्या दिवशी राउटरवरची लीज ३० मिनिटं करा. ती आधीच्या लीजना लागू व्हायला एक दिवस जातो, म्हणून आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राउटरचा डीएचसीपी बंद, मग व्हीलॅन बदला. जे पीसी चालू राहिले असतील त्यांना रिलीज-रिन्यू (पत्ता सोडून नवा मागणं) किंवा रीस्टार्ट. पहिला आठवडा सर्व्हरवर कॉन्फ्लिक्ट डिटेक्शन १ ठेवा. पत्ता देण्याआधी तो पिंग करून बघतो. विसरलेला स्थिर पत्ता कुठे असला तर लीजच्या यादीत 'बॅड ॲड्रेस' म्हणून दिसेल. रोजचा ऑडिट लॉग सिस्टम३२ मधल्या डीएचसीपी फोल्डरमध्ये असतो: १० म्हणजे नवी लीज, ११ नूतनीकरण, १३ पत्ता आधीच वापरात, १४ पूल संपला.

डोमेन कंट्रोलरवर चालतं. फक्त डीएनएस डायनॅमिक अपडेटसाठी (पीसींची नावं डीएनएसमध्ये आपोआप नोंदवण्यासाठी) एक वेगळं साधं यूजर खातं करून त्याची क्रेडेन्शियल्स डीएचसीपीच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर द्या. ॲडमिनचं खातं तिथे टाकू नका.